मुंग्या, पिठ्या ढेकूण आणि जास्वंद

प्रश्न : आमच्या गच्चीतील जास्वंदीच्या फांद्यांवर मुंग्यांची सतत ये-जा असते आणि कळ्या उमलण्यापूर्वीच गळून पडतात. मुंग्या झाड खातात का? शिवाय पावसाळा सुरू झाला की स्वयंपाकघरातील ओट्यावर बारीक तांबूस मुंग्यांची रांग लागते. फवारा मारल्यावर दोन दिवस बरे जातात, पुढे पुन्हा तेच. कृपया उपाय सुचवावा. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या जास्वंदीला मुंग्या खात नाहीत. एखादी कोवळी फांदी वाकवून कळीचा देठ आणि पानाची मागची बाजू नीट पाहावी. तेथे कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे पिठ्या ढेकूण किंवा हिरवट-काळा मावा चिकटलेला आढळण्याचीच शक्यता अधिक आहे. हे कीटक झाडाचा रस शोषतात आणि त्यातील जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. मुंग्या येतात त्या या चिकट्यासाठी, आणि त्याच्या मोबदल्यात त्या मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. पानांवर हाच चिकटा साचून पुढे काळी बुरशी धरते. म्हणून केवळ मुंग्या मारून उपयोग नाही, खरा इलाज रसशोषक किडीवर करायला हवा.

फार किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावेत. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा द्रव साबण चांगला ढवळून ऊन उतरल्यावर फवारावे. पानांची मागची बाजू भिजली पाहिजे. आठवड्याच्या अंतराने हे दोन-तीनदा करावे लागते, कारण अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर पडत राहतात. फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकत असतील तर त्याही छाटाव्यात, अन्यथा मुंग्यांना तो आयता पूल मिळतो.

आता ओट्याकडे वळू. रांगेत दिसतात त्या वारुळातील मोजक्या कामकरी मुंग्या. राणी आत सुरक्षित राहून अंडी घालतच असते. काही बारीक जातींत तर एका वसाहतीत अनेक राण्या असतात आणि फवाऱ्याने डिवचल्यास काही मुंग्या राणी व अंडी घेऊन भिंतीत दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. फवारा मी सुचवत नाही तो याच कारणाने.

त्याऐवजी शंभर मिलिलिटर कोमट पाण्यात दहा ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम बोरिक पावडर (कॅरमच्या पटावर टाकतात ती) विरघळवून, कापसाचा बोळा त्यात भिजवून रांगेजवळ ठेवावा. पावडर वाढवण्याचा मोह टाळावा. विष सौम्य असले तरच कामकरी मुंगी जिवंत परत जाते आणि ते तोंडातून तोंडात भरवत राणीपर्यंत पोहोचवते. पहिल्या दिवशी गर्दी वाढेल, तरी ती पुसू नये. परिणाम दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. हे विष आहे, म्हणून मुले व पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही अशीच जागा निवडावी. आमिष काढल्यावर ओटा साबणाच्या पाण्याने धुवावा, म्हणजे मुंग्यांनी मागे सोडलेला गंधमार्ग पुसला जातो.

गच्चीतील कुंड्यांच्या मातीत मुंग्यांचे घर असेल तर ती माती बहुधा फार कोरडी पडलेली असते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी आणि पुढे पाणी नियमित द्यावे. बागेच्या मोकळ्या जमिनीतील वारुळे मात्र उकरू नयेत. त्या मुंग्या माती भुसभुशीत करतात आणि वाळवीही खातात.