टाके कशावर शिकायचे: पॅड, पुतळा की कोंबडीची तंगडी?

तुझा प्रश्न असा, की मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमधला (सरावाच्या खोलीतला) टाके घालायचा सिलिकॉनचा हात कायम कुलपात असतो, तर पदरमोड करून स्वतःचं पॅड, म्हणजे सरावाची सिलिकॉनची कातडी, घ्यावं का. घे. फक्त त्यातून काय मिळेल आणि काय नाही, ते आधी ऐक.

कुलपाची गोष्ट मला नवी नाही. मी शिकवत होतो तिथे असाच एक भारीतला हात आला. पहिल्याच बॅचने सवयीने त्यावर बीटाडीन फासलं. तो तपकिरी डाग काही केल्या निघेना. तेव्हापासून तो हात फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर यायचा. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने स्किल लॅब सक्तीची केली खरी, पण किल्ली कुणाकडे असावी हे त्यात नव्हतं!

पॅडवर हाताला वळण लागतं. सुई नीडल होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर धरायची, कातडीत काटकोनात घालायची आणि मनगट फिरवत तिच्याच गोलाईने बाहेर काढायची. नवी मुलं ती सरळ ढकलतात. मग सुई तरी वाकते नाहीतर भोक तरी मोठं होतं. ही खोड मोडायला पॅडसारखं दुसरं काही नाही. घेताना आत जाळी असलेलंच घे, नुसतं सिलिकॉन दोऱ्याने चिरत जातं. दोरे विकत आणू नकोस. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांना गोड बोलून मुदत संपलेले माग.

पण टाका किती आवळायचा, हे पॅड कधीच सांगत नाही. त्यावर करकचून बांधलेला टाका उलट झकास दिसतो. माणसाची जखम मात्र दुसऱ्या दिवशी सुजते, दोरा कातडीत रुततो आणि कडांचा रक्तपुरवठा तुटतो. कातडीचा नाजूकपणा बोटांना कळायला कोंबडीची तंगडी आण. 'कातडी ठेवा' म्हणून आधीच सांग, नाहीतर दुकानदार बोलता बोलता सोलून मोकळा होतो. फोर्सेप्सने (चिमट्याने) जरा जास्त चिमटलंस की ती तिथेच फाटते. तोच धडा. (ग्लोव्हज घाल, आणि मेसच्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस.) आतडं जोडायला आम्ही बकऱ्याचं आतडं वापरायचो. जोडून झालं की सिरिंजने पाणी भरायचं. गळलं तर उसवा, पुन्हा जोडा.

याला जुगाड म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सुश्रुतसंहितेतला सरावावरचा योग्यासूत्रीय अध्याय दाखव. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड. शिरा वेधायला मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. शिवायला कापड आणि मऊ कातडं. पट्ट्या बांधायला चक्क माणसाचा पुतळा, 'पुस्तमय पुरुष'! प्रत्येक कामाला वेगळी वस्तू. आपण मात्र एकच महागडा पुतळा आणतो आणि त्याने सगळं शिकवावं म्हणतो.

पुतळ्याला पर्याय नाही अशी कामंही आहेत. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, घे. धडधाकट माणसाच्या छातीवर ५ ते ६ सेंमी दाब देऊन सराव करता येत नाही. म्हणून तर १९६० मध्ये आस्मुंड लेअरडाल या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्याने रेससी ॲन ही सरावाची पुतळी घडवली. कॅथेटरचंही (लघवीच्या नळीचंही) तसंच: पहिली धडपड पुतळ्यावर झालेली बरी. छातीत नळी टाकताना जागा कुठली आणि हत्यारं कुठल्या क्रमाने, हे पुतळ्यावर पाठ होतं. बरगडीच्या खालच्या काठाने शिरा-धमन्या जातात म्हणून वरच्या काठाने शिरायचं, हेही. आत शिरताना बोटाला जाणवणारा तो 'फट्' मात्र मला बकऱ्याच्या बरगड्यांवर जास्त खरा वाटला.

एकट्याने सराव करणार असशील तर मोबाइल टेकवून फक्त हातांचा व्हिडिओ काढ आणि एखाद्या रेसिडेंट डॉक्टरला दाखव. चुकीचा हात शंभर वेळा फिरवलास तर तोच पक्का होतो, आणि मग तो सोडवायला आमचा जीव जातो.

आणि किल्लीसाठी चार-पाच जण मिळून एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीने अर्ज द्या. एकट्याला कुणी दाद देत नाही. जाताना बीटाडीन नेऊ नका.