गिटारसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: वय ४७. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात अकाउंटंट आहे. हातात ५८,००० येतात, गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च ४२,०००. एसआयपी ५,०००, एफडी दीड लाखाची. मुलगी अकरावीत. कॉलेजपासून मनात असलेली गिटार आता नीट शिकायची आहे. एफडी मोडून ८०,००० ची गिटार घ्यावी, वर्षभर एसआयपी थांबवावी आणि दर रविवारी पुण्याला क्लासला जावं, असा विचार आहे. फेरीला फीसकट २,००० लागतील. जुळे सोलापुरात एक सर आठवड्याला दोन दिवस शिकवतात, महिना १,५०० घेतात. बायको म्हणते, हे आता कशाला?

उत्तर: शिका, आणि याच महिन्यात सुरू करा. निवृत्तीनंतर बघू म्हणालात तर १३ वर्षं जातील, आणि ती पैशाने परत मिळत नाहीत. मात्र एफडीला हात लावू नका.

दीड लाख म्हणजे तुमच्या घराचा साडेतीन महिन्यांचा खर्च. मुळात तो सहा महिन्यांचा हवा. त्यातून ८०,००० काढले तर दोन महिनेही निघणार नाहीत, शिवाय मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळंच. कारखान्यात एखादा महिना पगार लांबला, तर गिटार विकायला काढाल आणि ती निम्म्या किमतीतही जाणार नाही.

एसआयपीचं गणित बघा. वर्षभरात वाचतील ६०,०००. हेच ६०,००० गुंतवलेत आणि सरासरी १० टक्के परतावा धरला, तर साठीला त्यांचे साधारण दोन लाख होतात. परताव्याची हमी कोणी देत नाही, पण दोन वर्षांनी मुलीच्या प्रवेशाचा खर्च समोर असताना ही सवय मोडणं मला पटत नाही.

आता पुणे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत, म्हणजे सुट्टीचा आख्खा दिवस आणि महिन्याला ८,०००. तुमच्या हातात सगळं भागवून ११,००० उरतात, त्यातच सणवार आणि मुलीचे क्लास. सुरुवातीला बोटांची टोकं दुखतात, मग एफ कॉर्डसारखा बॅरे कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबायच्या) येतो आणि पुष्कळ जण तिथेच सोडतात. तिथे रोजचा अर्धा तास रियाझ आणि दोन दिवसांनी चूक दाखवणारा गुरू जवळ हवा. म्हणून जुळे सोलापूरच्या सरांकडेच जा. पुढे एखादी शैली शिकायला दोन-तीन महिन्यांतून पुण्याची फेरी जरूर करा. परीक्षा द्यावीशी वाटली तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीताच्या ग्रेड परीक्षांना वयाची अट नाही.

गिटारला १२ ते १५ हजारांची मर्यादा घाला. खरेदीला सरांना सोबत न्या आणि सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, तिथेच करून घ्या. तारा फ्रेटबोर्डपासून (ज्या पट्टीवर तारा दाबतो ती) फार उंच असतील तर नवशिक्याच्या बोटांचे हाल होतात. महागड्या गिटारचं सगळं अंग अखंड लाकडाचं असतं आणि त्याला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात असं लाकूड आकसतं, कधी तडकतं. प्लायचं लॅमिनेट अंग हे जास्त सोसतं, आवाज थोडा उणा असला तरी. अशी गिटारही बंद केसमध्ये ठेवा, गच्चीच्या भिंतीला लटकवू नका.

पैसे दिवाळीच्या बोनसमधून काढा. तोवर सरांकडची गिटार वापरायला मिळते का ते विचारा. आणि हा हिशेब घरी बायकोसमोर मांडा. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. मुलीच्या फीची काळजी त्यामागे असणार. एफडी आणि एसआयपी जागच्या जागी आहेत हे त्यांना दिसू द्या.

दिवाळीनंतर महिना २,००० ची आरडी गिटारच्या नावाने उघडा. दीड वर्षात ३६,००० आणि वर व्याज जमेल. तोवर रियाझ टिकला असेल, तर सॉलिड टॉपची, म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाची असलेली, चांगली गिटार बिनधास्त घ्या. नसेल टिकला, तर ती रक्कम मुलीच्या प्रवेशाला लावा.