मुंग्यांवरून सेन्सर जाळ्याचं राउटिंग सुरक्षित कसं करतात?

समजा, जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत मातीची ओल मोजणारे ५० सेन्सर आहेत. माहिती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात विहिरीवरच्या गेटवेला, म्हणजे सगळी माहिती गोळा करणाऱ्या यंत्राला पोचते. तिची वाट ठरवणं म्हणजे राउटिंग. मधलाच एक फितूर झाला, "माझ्याकडून जवळ पडतं" म्हणाला आणि माहितीची सगळी पॅकेट गिळून बसला, तर? हाच ब्लॅकहोल हल्ला.

मुंग्या वाटेवर गंध सोडतात, आणि जिथं गंध जास्त तिकडं बाकीच्या वळतात. त्यावरून संशोधक मार्को डोरिगोनं १९९२च्या प्रबंधात चांगली वाट शोधायची पद्धत बांधली. सेन्सरच्या जाळ्यात गंध म्हणजे प्रत्येक वाटेला दिलेला एक आकडा. गेटवेकडून पोचपावती आली तरच त्या वाटेचा गंध वाढवायचा, नाहीतर तो हळूहळू उडून जातो. फितुराची वाट आपोआप ओस पडते. सोबत उरलेली बॅटरीही मोजायची, नाहीतर चांगल्या वाटेवरचे सेन्सर आधी मरतात.

पण पोचपावतीच खोटी आली तर मुंग्याही फसणार. तिच्यावर गुप्त किल्लीची खूण हवीच.