थोरल्या आईची मोजणी

प्रश्न आहे: "तुम्ही तुमच्या पणजीला पाहिलं आहे का? तिच्या एवढ्या लांब आयुष्यातलं तुमच्या लक्षात काय राहिलं?"

पाहिलंय, तेही चांगली सत्तावीस वर्षं. मी १९८५ चा, ती गेली २०१२ च्या पावसाळ्यात. आमच्याकडे तिला पणजी कुणी म्हणत नसे, सगळ्यांची ती थोरली आई. गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात.

किती वर्षांची होऊन गेली हे सांगायला आधी थोडा हिशोब करावा लागतो. मतदार ओळखपत्रावरच्या वयावरून तिचा जन्म १९२५ चा निघतो. माझे आजोबा, म्हणजे तिचा थोरला मुलगा, शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३६ चे. (त्या पिढीत ज्याची तारीख कुणाला ठाऊक नाही तो मास्तरांच्या कृपेने १ जूनचाच.) थोडक्यात, सरकारदरबारी आई लेकापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. हे तिला सांगितल्यावर ती मशेरी लावता लावता एवढी हसली की ठसका लागला.

तिच्या स्वतःच्या हिशोबाला दोन खुंट्या होत्या. पहिली मानमोडीची. "मानमोडीत माजी आय गेली, तवा मी रांगत हुते." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, म्हणजे जन्म १९१७ च्या आसपासचा. दुसरी खुंटी लग्नाची. मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा करणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि त्याच्या आत पोरी उजवून टाकायची देशभर घाई उडाली. थोरल्या आईचा बार त्याच घाईतला. "शिमगा झाला आन् आठ दिसांत अक्षता पडल्या, नवरा कसा हाय ते बगाया बी वेळ न्हाई." सगळं धरून पंच्याण्णवच्या पुढेमागे गेली असं आम्ही मानतो.

पणजोबा परळला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, एरवी मनीऑर्डर. दहा बाळंतपणं झाली, सहा मुलं जगली. १९५८ ला पणजोबा छातीच्या दुखण्याने गेले आणि एकेचाळिसाव्या वर्षी किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला. तो पुढे चाळीसएक वर्षं निघाला नाही.

आता मुख्य आठवण. ती रोज रात्री माणसं मोजायची. जेवणं उरकली, चूल सारवली, की ओसरीच्या उंबऱ्यात उभी राहून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत एकेक नाव पुटपुटायची. एका हाताची बारा पेरं झाली की दुसरा हात. घरात असलेली आधी, मग मुंबईची, मग सासरी गेलेल्या पोरी आणि त्यांची पोरं. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी आम्ही मुद्दाम मध्येच काहीतरी विचारायचो आणि धपाटे खायचो.

ही सवय कुठून आली ते वडिलांनी सांगितलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. थोरली आई आणि माझी आजी जात्यावर बसल्या होत्या. वडील तेव्हा आठ वर्षांचे. आजी सांगते, आधी जातं आपोआप सरकल्यासारखं वाटलं, मग ढग फुटल्यासारखा आवाज, मग नुसती माती. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. सगळं खाली आलं. अंगणात सगळ्यांना ओढून काढल्यावर अंधारात तिने हात लावून लावून मोजलं. तेरा हवे होते, बारा भरले. वडील नव्हते, आणि त्यांच्या रोजच्या निजायच्या जागेवर पुरुषभर ढिगारा.

ते सापडले गोठ्यात, वासराला टेकून, तोंडावर धुरळा. थंडी फार म्हणून रात्रीच गुपचूप तिकडे जाऊन निजले होते. थोरल्या आईने आधी थोबाडीत दिली, मग पोटाशी धरलं.

त्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धक्के पुढे कित्येक महिने येत राहिले, घरच्यांनी तो हिवाळा आणि उन्हाळा खोपटात काढला. आजोबा तोवर मुंबईला गिरणीत लागले होते. लालबागच्या चाळीतही भांडी वाजली म्हणे, पण केंद्र आपल्याच खोऱ्यात हे त्यांना उजाडल्यावर कळलं. थोरली आई अखेरपर्यंत म्हणायची, "पान्याचं वझं सोसंना धरतीला." आम्हाला ही अडाणी समजूत वाटायची. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर वाचलं की धरणाच्या साठ्यामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपाचं कोयना हे जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. नवीन घर बांधताना तिने गवंड्याच्या डोक्यावर बसून भिंती ठेंगण्या ठेवल्या. फडताळाच्या वरच्या फळीवर जड काही ठेवू दिलं नाही. आणि मी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा पहिलं वाक्य: "भितीकडंला निजू नगंस."

आता कुणाला वाटेल काय ही माऊली! तर तसंही नव्हतं. माझ्या आत्याची शाळा सातवीत बंद केली ती थोरल्या आईनेच, का तर धाकट्यांना सांभाळायला कुणी नव्हतं. आत्या आज साठीच्या पुढे आहे आणि ही गोष्ट ती विसरलेली नाही. सुनांना माहेरी पाठवताना महिने मोजायची. साखरेचा डबा तिच्या कुलपात. माझ्या आजीला मी एकदा विचारलं, रोजच्या मोजणीत तुझं नाव कितवं असायचं गं? आजी म्हणाली, "मला मोजायची ती भाकरीपुरती."

घर एकत्र ठेवायचं तर कुणाच्या तरी अंगावर ते येतंच, आणि आमच्याकडे ते बहुतेक वेळा आजीच्या अंगावर आलं. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि आजोबा कायमचे गावी आले. मनीऑर्डर थांबली, तेव्हा घर चालवल्याचं श्रेय सगळे थोरल्या आईला देतात. कुळथाचं माडगं मात्र आजी करत होती.

२०१० च्या दिवाळीत मी तिची ती मोजणी मोबाइलवर रेकॉर्ड केली. दात नव्हते, शब्द घरंगळायचे, पण क्रम पक्का. मी आणि वडिलांनी रात्री ते परत परत ऐकून कागदावर उतरवलं. एकाहत्तर नावं. सत्तर ओळखीची निघाली. जावयांची, पणतवंडांची, अगदी दुबईला गेलेल्या चुलतभावाच्या मुलीचंसुद्धा. एक नाव मात्र कुणालाच लागेना. सर्जा. आमच्या घराण्यात सर्जेराव नाही, सर्जा नाही. मला वाटलं लहानपणी गेलेला एखादा मुलगा असेल. वडील गप्प बसले. सकाळी तिलाच विचारलं.

"माणच्या लेकीचा बैल त्यो," ती म्हणाली.

मग उलगडा झाला. तिची धाकटी मुलगी माण तालुक्यात दिलेली. १९७२ च्या दुष्काळात तिकडे विहिरींना खडखडाट, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, खायला सुकडी आणि रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे लाल ज्वारी. बैलजोडीतला एक विकून जावई दुसरा बैल आणि दोन पोरं घेऊन चार-पाच दिवसांची वाट चालत आमच्याकडे आले. आमच्याकडे पाऊस ओढलेला असला तरी भाताचा पेंढा होता. पोरं वर्षभर राहिली. बैलही राहिला, चांगला अंगाला भरला, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर आमच्याच गोठ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. जावई काही बोलले नाहीत. थोरल्या आईने पुढे त्यांना एक खोंड दिला, तरी तिच्या लेखी ते फिटलं नव्हतं. "इस्वासानं बांदलं हुतं दावनीला," एवढंच म्हणाली. अडतीस वर्षं ती त्या बैलाला रोज रात्री माणसांत मोजत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

शेवटची दोन वर्षं डोळे गेले होते, पण पैसे बोटांनी ओळखायची. १९५७ ला नवे पैसे आले तरी तिने आणे सोडले नाहीत. पोरांना बाजाराला "बारा आणं" सांगूनच द्यायची. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचं नाणं बंद झालं तेव्हा मी मुद्दाम फोन करून सांगितलं, थोरले आई, तुझे चार आणे गेले. "मागं दोन ऱ्हायलेत माज्या पिशवीत, त्यांचं काय?" खरंच होते दोन. माझ्याकडे आहेत आता.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. पणतवंडाचं तोंड बघितलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडे रीत आहे. मी घरातला पहिला पणतू. संपानंतरचे दिवस, हातात पैसा नाही, तरी आजोबांनी कराडच्या सराफाकडून पाच फुलं आणली, कागदासारखी पातळ. बाराव्या दिवशी मला तिच्या मांडीवर ठेवून फुलं उधळली. टाळ्या संपायच्या आत थोरल्या आईने फर्मान काढलं की फुलं गोळा करा, आत्याच्या लग्नाला मोडायचीत. गोळा केली तर चार. सारवलेल्या जमिनीवर सगळे गुडघ्यावर फिरले, केरसुणीच्या काड्या उलगडल्या, माझी दुपटी झटकली. पाचवं सापडलं नाही.

थोरल्या आईच्या तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आजी माझ्याजवळ येऊन बसली. चंची उघडली आणि सुपारीच्या खणातून ते फूल काढून माझ्या मुलीच्या हातावर ठेवलं.

मी म्हटलं, "म्हणजे तिला एकदा तरी मोजणीत फसवलंस की तू."

"न्हाई रं," आजी म्हणाली. "माजी मूठ तिनं बगितली हुती. समदी जमिनीवर हुडकत हुती, तुजा आजा सराफाची पावती दावून पाच, पाच म्हनत हुता. ती माज्याकडं बगून म्हनली, चारच आनली हुती, उटा आता, पंगत बसवा."