यंदाचा राजा दुसऱ्याला करू द्या

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षक आहे. गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा दरवर्षी मीच. डाव्या स्वरतंतूवरचा पॉलिप, म्हणजे छोटी गाठ, काढून तीन आठवडे झाले. सांगितलं तेवढे दिवस मौन पाळलं, घरात काय ते कुजबुजून सांगायचो. आवाज अजून घोगराच आहे, जिभेची एक कड बधिर वाटते. रोज ज्येष्ठमध चघळतो, घसा खाकरून मोकळा करतो. ऑपरेशन फसलं का? जत्रा दीड महिन्यावर आली आहे.

उत्तर : मास्तर, एवढ्यात फसलं म्हणू नका. पुरुष बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरतात. जखम भरली तरी तिथलं अस्तर काही काळ सुजलेलं, ताठ राहतं. आवाज पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. जिभेचं कारण वेगळं. ऑपरेशनच्या वेळी धातूची नळी तिच्यावर दाबलेली असते. बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत जाते. तोवर माशांच्या हुमणात तिरफळं लागली नाहीत म्हणून घरात वाद घालू नका.

कुजबूज मौनात बसत नाही. कुजबुजताना बरेच जण गळा आवळतात. आता डॉक्टरांची परवानगी असेल तर शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतपत, साध्या आवाजात, थोडं थोडं बोला.

ज्येष्ठमधाचा रस अन्ननलिकेत उतरतो, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचला तर ठसका लागेल. रक्तदाबाचा त्रास असेल तर तो रोज चघळणं बंदच करा.

खरा घात खाकरण्याचा आहे. खाकरताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथे पुन्हा चिकटा येतो आणि परत खाकरावंसं वाटतं. उबळ आली की पाण्याचा घोट घ्या, हनुवटी छातीकडे नेऊन जोरात गिळा. स्पीच थेरपिस्टकडे अजून गेला नसाल तर जा. ग्लासात दोन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे काढत हलका ‘ऊ’. हा व्यायाम त्यांच्यासमोर शिकलात तर मानेवर जोर न देता जमेल.

जत्रेचं स्पष्ट सांगते: यंदा राजा नको. पॉलिप बहुतेकदा ताणून बोलण्यातून, ओरडण्यातून येतो, आणि आपल्याकडचा राजा जनरेटरच्या घरघरीवर मात करत पहाटेपर्यंत गरजतो. मध्यरात्री भजी-चहा घेऊन लगेच आडवं झालं की आम्लपित्तही घशाशी येतं. तालमी घ्या, पण माइक लावून. वर्गातही छोटा माइक गळ्यात अडकवा. मुलं दोन दिवस हसतील, मग विसरतील.

काढलेल्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट हातात आला का? नसेल तर मागून घ्या, पुढच्या तपासणीची तारीखही चुकवू नका. थुंकीत रक्त दिसलं किंवा आवाज अचानक पार गेला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. श्वास घेताना घरघर लागली तर थेट इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी.