रेघही न काढणारी नायिका

ताई, तुमची मुलगी 'शिरोबाको' ही ॲनिमेशन स्टुडिओवरची जपानी मालिका तीनदा पाहून 'आता ॲनिमेशनच' म्हणतेय. तुम्ही लिहिता, 'चित्रं बेताचीच काढते. वर्गाच्या भित्तिपत्रकात स्वतःचं एकच चित्र, बाकी महिना इतरांच्या मागे लागण्यात घालवला. मालिका पाहून कुणी करिअर ठरवतं का?'

ठरवू नये. पण मालिकेत ती कुणाकडे बघते, हे जरूर विचारा. २०१४ साली आलेल्या या २४ भागांच्या मालिकेची नायिका आओई मुळात ॲनिमेटर नाहीच, प्रॉडक्शन असिस्टंट आहे. कुठलं दृश्य कुणाकडे अडकलंय, कुणाची चित्रं आज रात्री आणायचीत, स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा, अजून का आला नाही, दिवसभर हेच. भित्तिपत्रकाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत, मला तेच सगळ्या पत्रात कामाचं वाटलं.

चित्रकारांचं दुखणंही मालिका लपवत नाही. ॲनिमेटर एमा वेग वाढवायला जाते आणि चित्रं बिघडतात. थ्रीडी करणारी मिसा स्थिर नोकरीत गाड्यांची चाकंच बनवत बसते. (हे मी मुलांना मुद्दाम दाखवते. निम्म्यांचा उत्साह तिथेच ओसरतो.) पडद्यावर येत नाही तो वेळ. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. एमाचे कंटाळवाणे तास मालिकेत मिनिटभरात उरकतात. शिवाय जपानात दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या नवख्यांना बऱ्याचदा नगावर पैसे मिळतात, तेही तुटपुंजे.

तेव्हा कोर्सची फी भरायची घाई नको. आधी तिला कुणाच्या तरी चालण्याची पाच सेकंदं काढू द्या, म्हणजे ६० चित्रं. पेन्सिल टूडी किंवा ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मग तीन मैत्रिणींकडून तसंच एखादं दृश्य करून घ्यायला सांगा: तारखा, वाटणी, रुसवेफुगवे सगळं हिच्याकडे. २०२० च्या 'एइझोकेन' या ॲनिमे मालिकेतली कानामोरी हेच करते, चित्रांच्या वाटेला जात नाही, आणि तिच्याशिवाय फिल्म पुरी होत नाही. अर्थात चित्र वाचता यायलाच हवं. रीटेक, म्हणजे चित्र पुन्हा काढून, कशासाठी मागितलाय हे न कळणारा असिस्टंट नुसता निरोप्या ठरतो, म्हणून ती ६० चित्रं चुकवू देऊ नका.

दोन्ही झालं की लिहा. अर्धवट राहिलं तरी लिहा, फक्त कितव्या चित्रावर थांबली ते कळवा.