ती आरती म्हणते, मग मला हाक का मारत नाही?

"ताईनू, ती मुद्दाम करता काय?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच भाऊंनी विचारलं. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

मालवणच्या उत्तरेला खाडीकाठच्या एका गावातलं हे जोडपं माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. भाऊंची आंब्याची कलमं आहेत. वहिनींचं वय 64. दीड वर्षापूर्वी त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली, मग वस्तूंची, आणि पुढे वाक्यंच अर्ध्यावर तुटायला लागली. कोणी बाधा म्हटलं, देवळात गाऱ्हाणंही घालून झालं. त्याला माझी ना नव्हती, फक्त मेंदूचे डॉक्टर त्याआधी गाठायला हवे होते. शेवटी गोव्यात, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि निदान झालं: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा वाचाघात.

(वाचा अचानक, काही मिनिटांत गेली तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा घरी थांबू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.)

निदानाचा कागद भाऊंच्या पिशवीत होता, पण मनातला संशय गेला नव्हता. "संध्याकाळची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणते. आमसुलांवर कावळा बसला की 'हाड मेल्या' कसं खणखणीत येतं! आणि मला हाक मारायची तर तोंडातून शब्द नाही. मी कावळ्यापेक्षा वायट?"

हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज फुटला. अशा घरांतून हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो. आणि तो मनात ठेवून जगणारं माणूस रागावतं, ओरडतं, मग रात्री स्वतःलाच खातं.

मी भाऊंना सांगितलं ते असं. मनातली गोष्ट सांगायची तर आधी शब्द हुडकावा लागतो, मग तो दुसऱ्या शब्दांशी जुळवावा लागतो. हे काम बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, आणि वहिनींची नेमकी तीच बाजू झिजते आहे. आरती, एक ते दहा अंक, वारांची नावं, रागाच्या भरातली शिवी हे सगळं मात्र जुळवावं लागत नाही. वर्षानुवर्षं घोटलेलं ते अख्खंच्या अख्खं बाहेर येतं, म्हणून बरेचदा जास्त काळ टिकतं. कावळ्याला हाकलताना वहिनींना शब्द शोधावा लागत नाही. तुम्हाला हाक मारताना लागतो.

मार्सेल मेसुलम या डॉक्टरांनी 1982 मध्ये अशा सहा रुग्णांचं वर्णन केलं. भाषा ओसरत होती, बाकीची समज मात्र बरीच शाबूत होती. वहिनींचंही तसंच. मासेवालीचे किती द्यायचे राहिलेत, हे त्या आजही बोटांवर दाखवतात.

मग भाऊंनी एक गोष्ट कबूल केली. रोज संध्याकाळी ते वहिनींची परीक्षा घेत. डबा पुढे धरायचा, "ह्या काय? सांग." नाही सांगता आलं की पुन्हा तेच. हे ऐकताना वहिनींनी मान खाली घातली. मी भाऊंना स्पष्ट म्हटलं, ही परीक्षा आजपासून बंद. शब्दांचा सराव उपयोगी पडतो, पण तो वाचोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने, तिच्या रोजच्या वापरातल्या शब्दांचा, आणि तिचं मन असेल तेव्हा.

"मग अडली की शब्द मी सांगू, की गप्प राहू?"

याचं उत्तर मी द्यायचंच नव्हतं. मी वहिनींकडे वळले आणि दोन कागद पुढे ठेवले. एकावर लिहिलं 'थांबा', दुसऱ्यावर 'सांगा'. त्यांनी 'थांबा'वर बोट ठेवलं. बराच वेळ गेला, मग दुसऱ्यावरही ठेवलं. आम्ही ठरवलं: भाऊंनी मनात दहा अंक मोजायचे. वहिनींनी तळवा वर केला तरच शब्द पुरवायचा, तोही "हे की ते?" असा दोन वस्तू दाखवून.

पुढच्या खेपेला भाऊ वेगळीच अडचण घेऊन आले. आता स्वयंपाक दोघं मिळून करत होते. "ती शब्द विसरली, आणि माका ते कधी ठाऊकच नव्हते. रोवळी म्हणजे काय, मी आता शिकलो." आमसुलं नि तिरफळं वासाने ओळखायला वहिनींनीच त्यांना शिकवलं होतं, डबा नाकाशी धरून. त्यांनी एक वही केली. वहिनी वस्तू दाखवत, ते बहिणीला फोन करून नाव विचारत, लिहीत, मोबाईलवर फोटो काढत. ती वही पुढे फार कामाला येणार आहे, कारण या आजारात वाचन-लेखनही उतरत जातं, फोटो मात्र बरेचदा ओळखू येत राहतात बराच काळ.

आजार थांबवणारं औषध आज नाही. हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. म्हणून सही ठीक आहे तोवर बँकेची कामं उरकायला सांगितली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा कायमच्या वाचाघाताचा समावेश आहे, त्याच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला सांगितलं. पाणी पिताना वारंवार ठसका लागू लागला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. आठवड्यातून दोन दुपारी सून वहिनींजवळ बसेल आणि भाऊ बागेत जातील, यावर मी जरा हट्टच धरला. फार दाटून आलं तर 14416, टेली-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, रात्रीही फोन लागतो.

गेल्या महिन्यात भाऊंचा फोन आला. बांगड्याची कढी चुलीवर होती. वहिनींनी तळवा वर केला नाही, नुसतं टोपाकडे पाहिलं. भाऊंनी न विचारता चार तिरफळं ठेचून टाकली.

"मग?"

"मगे काय," ते म्हणाले, "तिनं डब्यातली आणखी दोन काढून टाकली."